लोकरीचे मेण: धुतलेले आणि पुन्हा लावलेले

लोकरीचे ब्लँकेट, स्वेटर किंवा तान्ह्या मुलाच्या लंगोटावरून घालायची लोकरी चड्डी धुऊन झाली की लॅनोलिन मिसळलेल्या कोमट पाण्यात काही तास भिजत ठेवायची, पीळ न घालता दाबून पाणी काढायचे आणि सपाट पसरून वाळवायची, ही रीत आज युरोप-अमेरिकेतल्या अनेक घरांत पाळली जाते. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारे पिवळसर, चिकट मेण. ते पुन्हा लोकरीला दिले की कपडा पाणी झटकतो, मऊ राहतो आणि लवकर मळत नाही, असा अनुभव सांगितला जातो. त्याच्या जोडीला एक इतिहासही सांगितला जातो: पूर्वीचे मेंढपाळ, कोळी आणि गृहिणी लोकरीचा ओशटपणा जपत असत, यंत्रयुगाने तो धुऊन टाकला, आणि आपण आता जुन्या शहाणपणाकडे परतत आहोत. रीत चांगली आहे, पण हा इतिहास पुराव्याला उतरत नाही. कापड विणणाऱ्या बहुतेक समाजांनी लोकरीचे मेण काढून टाकण्यासाठीच अपार कष्ट घेतले. तयार कपड्याला शुद्ध लॅनोलिन देणे शक्य झाले ते ज्या कारखान्यांना आपण दोष देतो, त्यांच्याच सांडपाण्यामुळे. हे नीट पाहिले तर लोकर जपण्याचे खरे जुने ज्ञान कोणते होते हेही कळते, आणि माझ्या मते ते लॅनोलिनच्या डबीपेक्षा मोलाचे आहे.

आधी हा पदार्थ काय आहे ते पाहू. मेंढीच्या कातडीत केसांच्या मुळाशी ज्या ग्रंथी असतात, त्यांपैकी काही घाम सोडतात आणि काही मेण. घामातले क्षार, मुख्यतः पोटॅशियमचे, पाण्यात सहज विरघळतात. मेण विरघळत नाही. बोलताना आपण त्याला लोकरीची चरबी म्हणतो, पण तेल-तुपातल्या चरबीसारखी त्याची घडण नसते. कोलेस्टेरॉल आणि लॅनोस्टेरॉलसारखी अल्कोहोले लांब साखळीच्या आम्लांशी जोडली जाऊन ते बनते. म्हणूनच ते सहजासहजी खवट होत नाही, साध्या अल्कलीने त्याचा साबण होत नाही, आणि स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी ते आपल्यात सामावून घेऊ शकते. साधारण ४० अंश सेल्सियसच्या आसपास ते वितळते, म्हणजे मेंढीच्या अंगावर मऊ असते आणि थंडीत घट्ट होते. मेरिनो जातीच्या कच्च्या लोकरीत वजनाच्या दहा ते पंचवीस टक्के हे मेणच असते. भरड लोकरीच्या जातींत ते पुष्कळ कमी असते. घाम, मेण, माती आणि काटेकुसळे मिळून ज्या लोकरीचा मोठा भाग बनतो, ती तशीच पिंजणे, कातणे आणि रंगवणे कठीण जाते. जुन्या कारागिरांनी घेतलेल्या निर्णयाचे मूळ या साध्या अडचणीत आहे.

या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा ग्रीक-रोमन जगातला आहे, कारण तिथे शुद्ध केलेले लोकरमेण आणि लोकरीचे कापड या दोन्ही वस्तू एकाच काळी तयार होत होत्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस हे मेण काढण्याची सविस्तर कृती देतो. न धुतलेली लोकर गरम पाण्यात पिळायची, ते पाणी मोठ्या तोंडाच्या भांड्यात उंचावरून पुन्हा पुन्हा ओतून फेस आणायचा, वर जमणारा ओशट थर काढून घ्यायचा, फेस येणे थांबेपर्यंत हेच करत राहायचे आणि मग तो मळून स्वच्छ करायचा. त्यात मेण आणि चरबीची भेसळ करणारे असतात, असेही तो बजावतो. थोरला प्लिनी अ‍ॅटिकातल्या मेंढ्यांपासून मिळणारा हा पदार्थ उत्तम मानतो, आणि अथेन्सहून येणाऱ्या या प्रसाधनाच्या वासाचा उल्लेख कवी ओव्हिड करतो. हे मेण जात होते ते जखमांवर, सुजेवर आणि स्त्रियांच्या चेहऱ्यावर. त्याच समाजात कापड मात्र धोब्याच्या कुंडात जाई. तिथे शिळे मूत्र आणि चिकट शोषक माती घालून ते पायांनी तुडवले जाई, ते त्यातला ओशटपणा निघावा म्हणूनच. पाँपेईच्या अवशेषांत अशी कुंडे आजही पाहता येतात. कपड्याला मेण देण्यात फायदा वाटला असता तर शुद्ध मेण हाताशी असलेल्या या लोकांनी ते केलेच असते. त्यांनी एकाच मेंढीचे मेण औषधाच्या बरणीत आणि कापड धोब्याच्या कुंडात पाठवले, यावरून त्यांचा निर्णय स्पष्ट दिसतो.

हीच रीत पुढे मध्ययुगीन आणि नंतरच्या युरोपातही चालू राहिली, तिच्यात भर पडली ती एका उलटसुलट वाटणाऱ्या टप्प्याची. लोकरीचे स्वतःचे मेण आधी धुऊन काढले जाई. मग कोरडी झालेली लोकर पिंजताना तुटू नये, म्हणून तिला बाहेरून तेल किंवा लोणी चोळले जाई. इंग्लंडच्या कापड व्यवसायात यासाठी दक्षिण इटलीतल्या गॅलीपोली बंदरातून ऑलिव्ह तेल येत असे. कापड मागावरून उतरले की हे तेलही काढून टाकावे लागे, त्यासाठी पुन्हा मूत्र, माती आणि साबण. यॉर्कशरमध्ये घरोघरचे मूत्र जमवून ते या कामाला वापरले जाई. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर बायका एकत्र बसून गाण्यांच्या ठेक्यावर ओले कापड फळीवर आपटत, तेही मूत्रात भिजवलेलेच असे. असा दुहेरी खटाटोप कशासाठी? नैसर्गिक मेण लोकरीवर सगळीकडे सारखे नसते, थंडीत ते घट्ट होते, धूळ धरते आणि रंग आत शिरू देत नाही. ऑलिव्ह तेल पातळ असते, हवे तेवढे देता येते आणि काम झाल्यावर काढता येते. कारागिराला ओशटपणा हवा होता, पण तो त्याच्या ताब्यातला आणि त्याच्या वेळेनुसार. घरात पोचणारे चांगले कापड मेण किंवा तेल उरलेले नसावे, हीच त्याच्या दर्जाची खूण मानली जाई.

यावर पहिला आक्षेप असा येईल की समुद्रावर आणि डोंगरात काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यात तथ्य आहे. अर्धवट धुतलेल्या, मेण राखलेल्या लोकरीचे जाडे कपडे थंड आणि ओल्या किनाऱ्यांवर विणले जात, यात शंका नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यावर लोकरीची शिडे एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरात होती, आणि वारा आरपार जाऊ नये म्हणून त्यांवर चरबी, डांबर आणि गेरू यांचे लेप दिले जात. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये तर शरद ऋतूत जिवंत मेंढ्यांच्या कातडीवर डांबर आणि लोण्याचे मिश्रण हाताने चोळत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन लेखक वॅरो यानेही लोकर कातरल्याच्या दिवशी मेंढीला मद्य आणि तेल चोळावे असे लिहिले आहे. पण ही उदाहरणे बारकाईने पाहिली तर ती आजच्या रीतीचे पूर्वज ठरत नाहीत. मेंढीला दिलेला लेप कीड आणि पावसापासून जनावर वाचवण्यासाठी होता. त्याने लोकर खराब होई आणि तिला भाव कमी मिळे, म्हणूनच १८५२ मध्ये विल्यम कूपरची मेंढ्या बुडवून काढण्याची पूड बाजारात आल्यावर आणि तसली इतर औषधे पसरल्यावर ती पद्धत मागे पडली. शिडावरचा लेप वारा अडवण्यासाठी होता, आणि तो लोकरीच्या मेणाचा नव्हता. राहिले कोळ्यांचे स्वेटर. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे हे प्रसिद्ध स्वेटर घट्ट पिळाच्या सुताचे आणि अतिशय दाट विणीचे असत. वारा आणि तुषार अडवण्याचे बरेचसे काम ती वीणच करी. मेण उरलेले असेल तर त्याची मदत होई, पण धुऊन काढलेले मेण नंतर पुन्हा लावण्याचा रिवाज यातून सिद्ध होत नाही.

आता कारखान्यांच्या काळाकडे येऊ. यॉर्कशरमधले ब्रॅडफर्ड १८०१ मध्ये तेरा हजारांच्या आसपास वस्तीचे गाव होते. १८५१ पर्यंत त्याची लोकसंख्या लाखावर गेली आणि ते जगातल्या लोकर व्यवसायाचे मोठे केंद्र बनले. ऑस्ट्रेलियातून आलेली मेरिनो लोकर इथे साबण आणि सोड्याच्या गरम पाण्यात धुतली जाई. तिच्या वजनाचा मोठा हिस्सा असलेले मेण गावातल्या ओढ्यात आणि तिथून कालव्यात जाई. ब्रॅडफर्डचा कालवा इतका घाण झाला की न्यायालयाच्या मनाईनंतर १८६७ मध्ये तो बंद करावा लागला. जी वस्तू हजारो वर्षे धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जात होती, ती आता शहराच्या आरोग्याचा प्रश्न बनली. त्यातून उपयोगाचे काही काढता येईल का, हा शोध अनेक ठिकाणी सुरू झाला. फ्रान्समध्ये शेव्रलने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या स्निग्ध पदार्थाचे रासायनिक पृथक्करण केले होते. मोमने आणि रोजले यांनी १८५९ च्या सुमारास लोकर धुतलेल्या पाण्यातून पोटॅश मिळवण्याची पद्धत काढली. पुढे ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेने एशोल्ट इथल्या सांडपाणी केंद्रात गंधकाम्ल घालून पाण्यातले मेण वेगळे करायला सुरुवात केली. ते दाबून काढायचे आणि विकायचे. घाण कमी करण्याचा खर्च त्यातून काही अंशी तरी निघे.

निर्णायक पाऊल मात्र जर्मनीत पडले. १८८२ मध्ये ओटो ब्राउन आणि बर्लिनचे औषधशास्त्रज्ञ ऑस्कर लीबराइख यांनी लोकरमेण शुद्ध करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि त्या पदार्थाला लॅनोलिन हे नाव मिळाले. हे मेण पाणी धरून ठेवते आणि कातडीला मानवते, ही डायोस्कोरिडीसलाही ठाऊक असलेली गोष्ट आता रसायनशास्त्राच्या आधाराने आणि कारखान्याच्या प्रमाणावर मांडली गेली. १९०० च्या सुमारास आयझॅक लिफशुट्झ याने लोकरमेणातल्या अल्कोहोलांपासून तेल आणि पाणी एकजीव करणारा पदार्थ बनवला, आणि त्याच्याच बळावर १९११ मध्ये निव्हिया मलम आले. आज बाजारात मिळणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा, म्हणजे डी-३ चा, मोठा भाग लोकरमेणातल्या कोलेस्टेरॉलपासून बनतो. कपड्याला लॅनोलिन देण्याची घरगुती रीत या क्रमातच बसते. त्यासाठी वास आणि घाम काढून टाकलेले, डबीत टिकणारे मेण स्वस्तात मिळायला हवे, आणि ते पाण्यात मिसळवायला सौम्य साबण हवा. या दोन्ही गोष्टी सामान्य घरात एकत्र आल्या त्या १८८२ नंतरच. म्हणून ही रीत आजीच्या आजीपासून चालत आलेली आहे, असे मला म्हणता येत नाही. कारखान्याने मेण पूर्णपणे काढले, शुद्ध केले आणि वेगळी वस्तू म्हणून विकले, तेव्हाच ते पुन्हा लोकरीवर येऊ शकले.

या विवेचनाची कसोटी आपल्या दख्खनवर घेऊन पाहता येते. सातारा, सांगली, सोलापूर आणि नगरच्या माळरानांवर धनगरांच्या मेंढ्या, त्यांची काळी भरड लोकर आणि सनगरांनी खड्डामागावर विणलेली घोंगडी ही परंपरा जुनी आहे. पावसात घोंगडीची खोळ करून मेंढरांमागे तासन्‌तास उभा राहणारा धनगर महाराष्ट्राला परिचित आहे. ही घोंगडी पाणी अडवते ती तिच्यातल्या नैसर्गिक तेलामुळे, असे सर्रास म्हटले जाते. पण दख्खनी लोकरीत मेरिनोच्या तुलनेने मेण फार कमी असते, आणि मेंढ्या कातरण्याआधी ओढ्यात धुण्याची रीत आहे. त्यानंतर लोकर पिंजली जाते, बाया चरख्यावर सूत काततात, आणि ताण्याला चिंचोक्यांची शिजवलेली खळ कुंच्याने दिली जाते. या क्रमात लोकरीला बाहेरून मिळणारी ठळक वस्तू म्हणजे ही खळ, आणि तिचे काम सूत मागावर तुटू न देण्याचे आहे. मग नवी असताना टोचरी आणि ताठ असलेली घोंगडी पाऊस कशी सोसते? जाड सूत, दाट वीण, वर उभे राहिलेले राठ केस आणि तंतूचा स्वतःचा स्वभाव, या चार गोष्टींच्या जोरावर. मेणाचा वाटा त्यात असलाच तर थोडा. जगातल्या सर्वांत चिवट पावसाळी वस्त्रांपैकी एक जर मेणाच्या श्रीमंतीवर उभे नसेल, तर लोकरीचे सगळे गुण लॅनोलिनमध्ये शोधणे चूक ठरते.

तंतूच्या या स्वभावाकडे थोडे लक्ष द्यायला हवे, कारण दुसऱ्या आणि अधिक महत्त्वाच्या आक्षेपाचे उत्तर तिथे आहे. कुणी विचारील: पूर्वजांनी मेण काढलेच, आणि घोंगडीही त्याविना चालते, तर आज लॅनोलिन लावणे हा निव्वळ भ्रम आहे का? नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूच्या सर्वांत बाहेरच्या कवचाला स्निग्ध आम्लाचा एक अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने जोडलेला असतो. अळवाच्या पानासारखे थेंब ओघळवण्याचे काम हा थर करतो, आणि तंतूच्या आतला भाग मात्र वाफेच्या रूपातला ओलावा शोषतो, वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतका, तरीही हाताला ओला लागत नाही. हा थर साध्या धुण्याने जात नाही. तीव्र अल्कली आणि क्लोरिन यांनी तो जातो. जुन्या कारागिराची लोकर शिळ्या मूत्रातल्या सौम्य अल्कलीत धुतली जाई आणि तिच्यात थोडेफार मेणही उरे. आधुनिक धुलाईत मेण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच शिल्लक राहते. यंत्रात आक्रसू नये म्हणून क्लोरिनची प्रक्रिया केलेल्या लोकरीत तर तंतूचे हे कवचही झिजलेले असते. अशा लोकरीला किंवा वारंवार धुतल्या जाणाऱ्या बाळाच्या चड्डीला लॅनोलिनचा पातळ लेप दिला तर हरवलेल्या गुणाची काही भरपाई होते. ही भरपाई खरी आहे. पण ती आधुनिक नुकसानीची आधुनिक भरपाई आहे, आणि तशीच ती ओळखावी.

तसे ओळखले की तिच्या मर्यादाही दिसतात. लॅनोलिन पाण्यात विरघळत नाही. गरम पाण्यात वितळवून, सौम्य साबणाचे थेंब घालून ते दुधासारखे एकजीव करावे लागते आणि मग कोमट पाण्यात सोडावे लागते, नाहीतर कपड्यावर पिवळे चिकट डाग बसतात. जास्त झाले तर ते धूळ धरते, म्हणजे ज्या कारणासाठी पूर्वजांनी मेण काढले तेच दुखणे परत येते. लॅनोलिनमुळे कसर लागत नाही, हा समजही टिकत नाही. कसरीच्या अळीला घाम, अन्नाचे डाग आणि मळ असलेली लोकर अधिक मानवते, तेव्हा ठेवणीत टाकण्यापूर्वी कपडा स्वच्छ असणे आणि त्याला ऊन-वारा मिळणे हेच खरे संरक्षण. मूत्र आणि लॅनोलिन मिळून आपोआप साबण तयार होतो आणि लंगोटावरची चड्डी स्वतःच स्वच्छ होते, असेही सांगितले जाते. साबण होण्याला इतका दाद न देणारा पदार्थ एवढ्या सौम्य क्षाराने बदलेल, हे रसायनशास्त्राला धरून नाही. ज्या पाश्मिना शालीला किंवा तलम स्वेटरला पावसात जायचेच नाही, तिला लॅनोलिन न दिलेलेच बरे. आपल्या उष्ण आणि धुळीच्या हवेत तर हा विचार अधिक करायला हवा.

मग जुने ज्ञान म्हणून काय उरते? माझे उत्तर असे, की ते धुण्यातले तारतम्य होते. डायोस्कोरिडीसच्या कृतीत लोकर धुताना एका फेसाळ मुळीचाही उल्लेख येतो, आणि आपल्या घरांत शाल आणि रेशीम रिठ्याच्या पाण्यात धुतले जाई. दोन्ही वनस्पतींत सॅपोनिन हाच फेस करणारा घटक असतो, जो मळ सोडवतो आणि तंतूला धक्का लावत नाही. आजची बहुतेक कपडे धुण्याची पावडर अल्कलीयुक्त असते आणि अनेक पावडरींत प्रथिने तोडणारी विकरे असतात. लोकर स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे ही पावडर डागाबरोबर कपड्यालाही खाते. कमी वेळा धुणे, थंड किंवा कोमट पाणी वापरणे, घासण्याऐवजी दाबणे, सावलीत पसरून वाळवणे, या गोष्टी पूर्वी पाणी, साबण आणि श्रम महाग असल्यामुळे आपसूक पाळल्या जात. गरजेपोटी आलेला हा संयमच लोकरीला पिढ्यान्‌पिढ्या टिकवत आला. लॅनोलिनचे स्नान या संयमाच्या जोडीला शोभते, त्याच्या जागी ते चालत नाही.

हा भेद करण्याचा आग्रह मी धरतो, कारण खोट्या इतिहासाची किंमत खऱ्या परंपरेला मोजावी लागते. लॅनोलिन म्हणजेच लोकरीचा आत्मा असे मानले, तर मेण कमी असलेली दख्खनी लोकर आपोआप निकृष्ट ठरते. आज धनगरांच्या अनेक वाड्यांवर कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून लोकर फेकून दिली जाते, मेंढी केवळ मांसासाठी पाळली जाते, आणि खड्डामाग एकेक करून थांबतात. या लोकरीचे मोल तिच्या राठ तंतूत, दाट विणीत आणि चिंचोक्याच्या खळीत आहे, मेणात नाही. मेरिनोच्या मापाने तिला तोलणे थांबवून तिच्या स्वतःच्या गुणांवर तिची किंमत ठरवली, तर गालिचे, जाड पांघरुणे आणि ऊब धरणारी अस्तरे यांसाठी तिला पुन्हा गिऱ्हाईक मिळू शकते. लोकर जपण्याची सुरुवात हातातली लोकर कोणत्या मेंढीची, कशी धुतलेली आणि कशासाठी विणलेली आहे हे जाणून घेण्यापासून होते. तिला मेण लावायचे की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.